कंसातला लिनियस : अजगराच्या नावाची अडीचशे वर्षे

१/
भारतीय अजगराचे शास्त्रीय नाव पूर्ण लिहायचे तर ते असे लिहितात : पायथॉन मोल्युरस (लिनियस, १७५८). पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा, पुढे नाव देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष. अजगराचा जवळचा नातलग असलेल्या बर्मी अजगराचे नाव मात्र असे लिहितात : पायथॉन बायव्हिटेटस कूल, १८२०. एकाला कंस आहे, दुसऱ्याला नाही. ही छपाईतील चूक नव्हे. त्या दोन अर्धवर्तुळांत एका जुन्या वादाचा निकाल नोंदलेला आहे. आजची लेखमाला त्या कंसाविषयी.

२/
प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. वसईच्या एका अंगाला समुद्र, खाडी आणि किल्ला. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. मधल्या सपाटीवर होळी, पापडी, पारनाका अशा जुन्या वस्त्या, वाड्या, बावखले आणि शेते. अजगराला जे लागते ते सर्व येथे आहे : पाणी, दाट झाडोरा, पडक्या भिंतींतील पोकळ्या, उंदीर-घुशी आणि अधूनमधून एखादे कोंबड्यांचे खुराडे. अजगर येथे कोणाला नवा नाही. मग प्रश्न पडतो : जो प्राणी पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या ओळखीचा होता, त्याचे ‘पहिले वर्णन’ १७५८ साली झाले, असे विज्ञान कशाच्या बळावर म्हणते?

३/
नाव तर आपल्याकडे फार जुने आहे. ‘अज’ म्हणजे बकरा आणि ‘गर’ म्हणजे गिळणारा. महाभारताच्या वनपर्वात अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेला नहुष भीमाला विळखा घालतो आणि युधिष्ठिराने प्रश्नांची उत्तरे दिल्यावरच सोडतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंत अजगर आहे. त्याच स्कंधावरील एकनाथी भागवतामुळे हे गुरू महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. अजगर भक्ष्याच्या मागे धावत नाही. एका जागी पडून राहतो आणि जे समोर येईल त्यावर निर्वाह करतो, ही त्या गुरूची शिकवण. दबा धरून बसणाऱ्या शिकारी प्राण्याचे हे निरीक्षण आजच्या प्राणिशास्त्रालाही मान्य होईल.

४/
परंतु नाव असणे आणि शास्त्रीय वर्णन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातील माणसाला अजगर आणि घोणस यांत फरक करता आला की पुरते. शास्त्रीय वर्णनाला जगातल्या कोणत्याही दुसऱ्या सापापासून तो वेगळा काढावा लागतो, तोही अशा खुणांनी की हजारो कोसांवरचा अपरिचित माणूस त्या पडताळून पाहू शकेल. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : प्रत्यक्ष नमुना किंवा त्याचे विश्वसनीय चित्र, मोजता येतील अशी लक्षणे आणि छापील प्रसिद्धी. म्हणजे वर्णन हे एक विधान असते आणि विधान म्हटले की ते खोडून काढण्याची वाटही खुली राहते.

५/
आता कालपट मांडू. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे विज्ञान अकादमीची स्थापना झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले कार्ल लिनियस. सृष्टीतील सर्व वस्तूंची पद्धतशीर यादी करणारा ‘सिस्टिमा नॅच्युरी’ हा त्यांचा ग्रंथ चारच वर्षांपूर्वी, १७३५ मध्ये निघाला होता, तो मोठ्या आकाराच्या अवघ्या काही पानांचा. १७५८ मध्ये त्याची दहावी आवृत्ती आली तेव्हा प्राण्यांसाठीच एक जाडजूड खंड लागला. त्याच १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजा लाहोरात पोहोचल्या होत्या.

६/
लिनियस भारतात कधीही आले नाहीत. व्यापारी जहाजांतून युरोपात गेलेले, मद्यार्कात बुडवून ठेवलेले नमुने आणि धनिकांच्या संग्रहांची चित्रमय पुस्तके यांवर त्यांची सापांविषयीची माहिती उभी होती. मद्यार्कात सापाचा रंग उतरतो. म्हणून त्यांनी रंगावर भिस्त न ठेवता संख्येचा आधार घेतला. पोटावरील आडव्या पट्ट्या किती, शेपटीखालचे खवले किती, हे मोजायचे आणि तो आकडा नावापुढे लिहायचा. बाटली ॲमस्टरडॅमची असो की उप्सालाची, आकडा कोणीही पुन्हा मोजू शकतो. लिनियस यांची खरी देणगी ही पडताळ्याची सोय होय.

७/
सापांची विभागणीही त्यांनी अशाच खुणांवर केली. शेपटीखालच्या पट्ट्या अखंड असतील तर तो साप ‘बोआ’. त्या मधोमध दुभंगून जोडीने असतील तर ‘कोल्युबर’. नियम सुटसुटीत होता, मात्र त्याने एक विपरीत गोष्ट घडवली. अजगराची अंगकाठी, त्याचा विळखा, त्याचे खाणे, सारे दक्षिण अमेरिकेतील बोआसारखे. पण शेपटीखालचे खवले जोडीचे. नियमाप्रमाणे अजगर कोल्युबर गटात गेला आणि साध्या, सडपातळ सापांच्या रांगेत जाऊन बसला. त्याचे पहिले शास्त्रीय नाव पडले ‘कोल्युबर मोल्युरस’.

८/
‘मोल्युरस’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे. प्राचीन ग्रीक वाङ्मयात तो कुठल्याशा सापासाठी वापरलेला आढळतो. भारतीय अजगराशी त्याचा मुळात काही संबंध नव्हता. निवासस्थानाच्या जागी लिनियस यांनी एकच शब्द लिहिला, ज्याचा अर्थ ‘इंडीज देशांत’. त्या काळी या एका शब्दात सिंधूपासून मसाल्याच्या बेटांपर्यंतचा अवघा मुलूख मावत असे. साप कोणी धरला, कोणत्या बंदरावर तो जहाजात चढला, धरणारा त्याला काय म्हणत होता, यांतले काहीही त्या नोंदीत नाही.

९/
ती उणीव काही अंशी भरून काढली पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने. सीरियातील अलेप्पो येथे वैद्यकी करून तो भारतात आला, विशाखापट्टणम येथे राहिला आणि १७८५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गतज्ज्ञ म्हणून नेमला गेला. विषारी आणि बिनविषारी सापांतला फरक लोकांना ओळखता यावा, हा त्याचा व्यावहारिक हेतू होता. १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा त्याचा सचित्र ग्रंथ लंडनमध्ये छापला गेला. त्यात त्याने सापांची स्थानिक तेलुगू नावे जपली. अजगराचे नाव त्यात ‘पेद्द पोडा’ असे येते. ज्या लोकांत राहून त्याने साप गोळा केले, त्यांचा आवाज अशा रीतीने निदान एका शब्दापुरता तरी छापील पानावर आला.

१०/
रसेलने लॅटिन जोडनावे दिली नाहीत. ते काम युरोपात बसलेल्यांनी केले. ग्रीक भाषेचा जर्मन पंडित आणि निसर्गाभ्यासक योहान गोटलोब श्नायडर याने १८०१ मध्ये अजगराच्या निरनिराळ्या वर्णनांना निरनिराळी नावे दिली : बोआ कास्टानिया, बोआ ऑर्डिनाटा, बोआ सिनेरिया आणि आणखी काही. एकाच प्राण्याची इतकी नावे कशी पडली? लहान अजगर आणि पूर्ण वाढलेला अजगर यांच्या रंगांत फरक दिसतो. कात टाकण्यापूर्वीचा मळकट साप आणि नंतरचा चकचकीत साप वेगळे भासतात. त्यातून जिवंत प्राणी समोर नाही, फक्त चित्र. कागदावर प्रत्येक फरक ‘नवी जाती’ ठरू शकतो. एकाच लढाईची चार बखरींतील चार वर्णने वाचून लढाया चार झाल्या असे मानावे, तसाच हा प्रकार होता.

११/
३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा आठ खंडांचा फ्रेंच ग्रंथ छापून होत होता. लेखक फ्रांस्वा मारी दोदँ. लहानपणीच्या आजाराने त्याचे पाय लुळे पडले होते. पत्नी आदेल त्याच्या ग्रंथांसाठी चित्रे काढी. याच ग्रंथात, १८०३ मध्ये, दोदँने जुन्या जगातील या महाकाय सापांसाठी एक स्वतंत्र प्रजाती मांडली. नाव ठेवले ‘पायथॉन’, ग्रीक कथेत डेल्फी येथे अपोलोने मारलेल्या सर्पाचे. अंगाने बोआसारखा, शेपटीने कोल्युबरसारखा आणि म्हणूनच दोहोंतही न बसणारा अजगर अखेर स्वतःच्या घरात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोदँ वारला. वय होते २७.

१२/
दोदँनेही श्नायडरप्रमाणे नावांची भर घातलीच : पायथॉन टायग्रिस, पायथॉन बोरा. मग या गर्दीतून ‘मोल्युरस’ हेच कसे टिकले? कारण प्राणिशास्त्राने पुढे एक नियम मान्य केला : एकाच जातीला अनेक नावे पडली असतील तर सर्वांत जुने ग्राह्य, आणि मोजणीची सुरुवात १७५८ पासून. नियमाचा दुसरा भाग म्हणजेच आपला कंस. जातीला ज्या प्रजातीत प्रथम ठेवले होते तेथून ती पुढे हलवली गेली असेल, तर मूळ लेखकाचे नाव कंसात लिहायचे. लिनियस यांनी अजगराला कोल्युबर म्हटले, आज तो पायथॉन आहे. म्हणून लिनियस कंसात. हाइन्रिख कूल याने १८२० मध्ये बर्मी अजगराला सुरुवातीसच पायथॉन म्हटले. म्हणून कूल कंसाबाहेर.

१३/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा अभ्यास युरोपातील संग्रहालयांतून आपल्या किनाऱ्यावर आला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापली. त्यांत प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. लष्करी वैद्य फ्रँक वॉल यांनी १९०५ पासून त्यात भारतातील सामान्य सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली. १९१२ मध्ये अजगराची पाळी आली. लिनियस यांनी ज्याला एका ओळीत बसवले होते, त्याचे खाणे, अंडी, वाढ आणि वर्तन यांवर आता पानेच्या पाने लिहिली जात होती.

१४/
वर्तनाचाच एक वाद फार बोलका आहे. १८३२ मध्ये लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सांगितले की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब कोठून आणणार? पंडितांनी विश्वास ठेवला नाही. १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंडी घातली. आशिल वालांसिएन यांनी तापमापक लावून पाहिले : वेटोळ्यातील उष्णता खरोखरच भोवतालच्या हवेपेक्षा अधिक होती. पुढे १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवरील प्रयोगांत कारणही उलगडले. हवा थंड झाली की मादी आपले स्नायू वारंवार आखडते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. प्रवाशाचे ऐकीव वाटणारे विधान मोजमापाने खरे ठरले.

१५/
येथे एक काळजी घ्यावी लागते. पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या त्या माद्या आजच्या वर्गीकरणानुसार बर्मी अजगर होत. दीर्घकाळ बर्मी अजगराला भारतीय अजगराचीच उपजाती मानत. २००९ मध्ये जेकब्स, आउलिया आणि ब्योमे या अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. दोघांचे प्रदेश जेथे एकमेकांना भिडतात तेथेही ते आपापले वेगळेपण राखतात, हा एक मुद्दा. खवल्यांची रचना हा दुसरा. भारतीय अजगराच्या वरच्या ओठावरील खवला थेट डोळ्याला भिडतो. बर्मी अजगरात ओठ आणि डोळा यांच्यामध्ये लहान खवल्यांची रांग असते. भारतीय अजगराच्या डोक्यावरील बाणाची खूण नाकाकडे जाता जाता पुसट होते. बर्मी अजगरात ती ठळक राहते.

१६/
डोळ्याखालच्या एका खवल्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. उत्तर कायद्यात आहे. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ करार १ जुलै १९७५ पासून अमलात आला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे जेथे व्यापारी देवाणघेवाण जवळपास पूर्ण बंद आहे तेथे, सर्व अजगरांपैकी फक्त आपला भारतीय अजगर आहे. बर्मी अजगरासह बाकीचे दुसऱ्या परिशिष्टात. त्यांचा व्यापार परवान्याने होऊ शकतो. अजगराच्या कातडीला पिशव्या आणि पादत्राणांच्या बाजारात भाव आहे. सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे पडलेले कातडे कोणत्या नावाचे, यावर माल जप्त होणार की सुटणार हे ठरते. भारतात तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे कवच त्याला आहे. त्याला पकडणे, बाळगणे वा मारणे हा गुन्हा आहे. कवच जातीच्या नावाने मिळते. ओळख चुकली तर कवचही चुकीच्या जागी बसते.

१७/
नावाची गुंतागुंत समुद्रापारही पोहोचली. पाळण्यासाठी अमेरिकेत नेलेले बर्मी अजगर फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत मोकळे झाले, वाढले आणि तेथील सस्तन प्राण्यांचा फडशा पाडू लागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यापैकी काहींमध्ये भारतीय अजगराचाही अंश सापडला. म्हणजे निसर्गात वेगळे राहणारे दोघे माणसाच्या हातून एकत्र आले होते. ज्या बर्मी अजगराला फ्लोरिडात हटवण्याचे प्रयत्न चालू आहेत, तोच आशियातील आपल्या मूळ घरी संकटग्रस्तांच्या यादीत आहे. भारतीय अजगरही संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत गणला जातो.

१८/
या कथेतील सर्वांत बोलके पान २०१७ चे. अजगर शोधण्यासाठी फ्लोरिडाने तामिळनाडूतून इरुळा समाजातील दोन सर्पमित्रांना बोलावले : मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. गवतातील पुसट खुणा आणि मातीवरील घसटा वाचत त्यांनी थोड्या दिवसांत अनेक अजगर पकडून दिले. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. लिनियस यांच्या बाटलीत पोहोचलेला साप ज्याने धरला, तोही अशाच कोणा जाणत्याचा वंशज वा पूर्वज असेल. त्याचे नाव १७५८ मध्ये नोंदवले गेले नाही. या दोघांचे नोंदवले गेले. दोन नोंदींच्या मध्ये अडीचशेहून अधिक वर्षे गेली.

१९/
वर्णनाचे काम संपले आहे, असेही समजू नये. २०११ मध्ये जॉर्ज झग आणि सहकाऱ्यांनी म्यानमारच्या चाइकतियो अभयारण्यातील एका आखूड शेपटीच्या अजगराचे वर्णन केले. आधार होता एकाच मादीचा. जातीचे नाव अभयारण्यावरून ठेवले गेले. लिनियस यांच्या ‘इंडीज देशांत’ या मोघम शब्दापुढे हे नाव ठेवून पाहा. येथे अरण्यच नावात आले आहे. उद्या कोणी शंका काढली तर कोठे जाऊन शोधायचे ते नावातूनच कळते. पद्धत मात्र तीच : नमुना, मोजणी, तुलना, प्रसिद्धी. आणि एकाच नमुन्यावर उभे असलेले विधान पुढच्या नमुन्याने पक्के होईल किंवा बदलेल, ही मोकळीकही तीच.

२०/
आता पुन्हा कंसाकडे येऊ. लिनियस यांनी अजगराला चुकीच्या गटात ठेवले. विज्ञानाने ती चूक सुधारली, परंतु त्यांचे नाव आणि वर्ष पुसून टाकले नाही. दोन रेषांत ठेवून दिले. श्रेयही राहिले, दुरुस्तीही राहिली. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी हा शिरस्ता ध्यानात ठेवावा. आपल्या बखरी, शिलालेख आणि कैफियतींबाबत वाद घालताना आपण जुन्या अभ्यासकाला एक तर देव्हाऱ्यात बसवतो, नाही तर पायदळी तुडवतो. कोणी, केव्हा, कशाच्या आधारे म्हटले आणि पुढे कोणी ते कोठे हलवले, एवढे एका ओळीत सांगणारी शिस्त अजगराच्या नावात आहे.

२१/
त्या ओळीत न मावलेले काम आपल्याकडे राहते. होळीच्या बाजारात एका सकाळी वाडवळी, सामवेदी, आगरी, वारली अशा कितीतरी बोली कानावर पडू शकतात. रसेलने ‘पेद्द पोडा’ लिहून ठेवले म्हणून तेलुगू नाव छापील इतिहासात उरले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : अजगराला तुमच्या बोलीत काय म्हणतात, तो कोठे दिसे, त्याच्याविषयी काय सांगत? उत्तर मिळाले की सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष यांसह खाली लिहा. आणि प्रत्यक्ष अजगर दिसलाच, तर काठी न उचलता अंतर राखा आणि वनविभागाला कळवा. तो बिनविषारी आहे, आणि त्याची नोंद अजून पूर्ण झालेली नाही.